पस्तिशीच्या आत

अंबादास शेठनं शेड विकल्याचं सांगितलं तेव्हा बायका मशीनवरून उठल्यासुद्धा नाहीत. शेठ अधूनमधून असं बोलायचाच. धंदा मंदावला की म्हणायचा विकतो, कुणी दांडी मारली की म्हणायचा विकतो. पण या वेळी त्याचे दोन्ही मुलगे हैदराबादहून आले होते, आणि धाकटा टेप घेऊन शेडच्या भिंती मोजत होता. ते बघून वच्छलानं आपल्या मशीनचं बटण बंद केलं. मग एकेक करून सगळी मशीनं गप्प झाली.

वच्छला त्या शेडमध्ये पंचवीस वर्षांच्या वर होती. माळशिरसकडच्या खेड्यातून लग्न होऊन सोलापुरात आली, शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत संसार मांडला, आणि मुलगा अभिमन्यू पायानं चालायला लागला तशी शिलाईला लागली. शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवायचे, त्यातली कॉलर बसवायचं काम तिचं. बटण कुणीही लावतं, बाही कुणीही जोडतं, पण कॉलर वाकडी गेली की अख्खा शर्ट वाया. म्हणून ती जागा शेठ कुणालाही देत नसे. बायका तिला कॉलरवाली वच्छला म्हणायच्या. तिला ते आवडायचं, पण तसं ती दाखवायची नाही.

शेठनं प्रत्येकीला साडी दिली, डोळ्याला रुमाल लावला आणि शेडला कुलूप घातलं. घरी येताना बसव्वा वच्छलाबरोबर होती. बसव्वा अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, इतकी वर्षं शेजारच्या मशीनवर बसलेली.

"आता काय करायचं गं यव्वा आपन?" बसव्वा म्हणाली.

"काय करायचं म्हंजे? दुसरीकडं बसायचं. हातात काम हाय आपल्या. काम असलेल्या मानसाला तोटा न्हाय."

हे वच्छला धीर द्यायला म्हणाली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गणवेशाची एक नवी कंपनी सुरू झाली होती. फाटकावर एवढा मोठा बोर्ड होता: शिलाईसाठी महिला कामगार पाहिजेत. दोघी रिक्षानं गेल्या. वच्छलानं चांगली साडी नेसली होती. बसव्वानं कात्री पिशवीत घेतली होती, का घेतली ते तिलाच ठाऊक. ऑफिसात सोनाली नावाची मुलगी बसली होती. पंचविशीची असेल, कानात फोनची वायर, समोर अर्जांचा ढीग. तिनं वर बघितलं आणि गोड आवाजात विचारलं, "कोणासाठी आलात मावशी?"

"कोणासाठी म्हंजे?" वच्छला म्हणाली. "आमच्यासाठीच. शिलाई येती आमाला."

सोनालीनं कानातली वायर काढली. "मावशी, बोर्डवर खाली लिहिलंय ना, अठरा ते पस्तीस. एज लिमिट आहे."

"ते बारीक अक्षर वाचलं न्हाय बगा. पन वय कशाला बगताय? मशीन द्या, शिवून दाखवते."

"टेस्ट घेऊन काय करू मावशी? तुम्ही पास झालात तर मला नाही म्हणायला अजून अवघड जाईल." मुलगी हे हसत म्हणाली, पण थट्टेनं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरात मुलगी, सून कोणी असेल तर पाठवा. लगेच घेते. शिकवूनसुद्धा घेतो आम्ही."

रिक्षात बसव्वा बडबडत होती. त्या पोरीच्या नावानं ती कानडीत काहीबाही बोलत राहिली. मावशी हा शब्द वच्छलाला कधी टोचला नव्हता. शेडमधल्या पोरी तिला मावशीच म्हणायच्या. आज मात्र कुणी तरी हाताला धरून उंबऱ्याबाहेर आणून ठेवावं तसा तो शब्द वाटला.

उन्हाळा तापत होता. जूनमध्ये शाळा उघडणार, म्हणजे गणवेशाचा खरा हंगाम हाच. वच्छला रोज बाहेर पडायची. एके ठिकाणी आधार कार्ड मागितलं, जन्मसालावर बोट ठेवलं आणि कार्ड परत दिलं. एके ठिकाणी उद्या या म्हणाले आणि उद्या गेली तर परवा या म्हणाले. बसव्वाच्या आग्रहावरून तिनं केसांना काळा रंग लावला. तो नीट धुतला गेला नाही आणि घामानं कपाळावर उतरला. रामहरी, तिचा नवरा, ते बघून हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. तो एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन होता. दिवसा झोपायचा, आणि झोपेतून उठून रोज एकच प्रश्न विचारायचा, "झालं का काय?"

एका गल्लीतल्या लहान शेडमध्ये मात्र मास्तरनं तिचं वय विचारलं नाही. "बसा," म्हणाला आणि निळ्या कापडाचा गठ्ठा पुढं ठेवला. वच्छला बसली. चष्मा लावला. दोरा निळा, सुई बारीक, वरचा दिवा मिणमिणता. दोरा सुईत जाईना. तिनं टोक ओठात धरून ओलं केलं, पुन्हा घातलं, पुन्हा हुकलं. मास्तरनं फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. तिनं शिवलेल्या कॉलरीत खोट नव्हती, पण तिची एक होईस्तोवर पलीकडच्या पोरीच्या दोन झाल्या होत्या. "कळवतो," मास्तर म्हणाला.

त्या दिवशी ती घरी चालत आली. इतके दिवस तिला लोकांचा राग येत होता. आता पहिल्यांदा स्वतःची शंका आली, आणि ती शंका रागापेक्षा वाईट होती. अंबादास शेठच्या शेडमध्ये आपण एवढ्या हळू होतो का? आणि शेठ नुसतंच बोलून दाखवत नव्हता? हे कुणाला विचारणार?

घरी सून होती, पिंकी. अभिमन्यू पुण्याकडं एका कंपनीत ठेक्यावर कामाला होता, सणासुदीला यायचा. पिंकी आणि तिचा तीन वर्षांचा शिवू इथंच राहायचे. पिंकी बारावी झालेली, वयानं चोवीस, अंगानं काटक. शिवू वर्षाचा असताना तिनं एकदा विचारलं होतं, "आत्या, मी पन येऊ का तुमच्यासंगं शेडमधी?" तेव्हा वच्छला म्हणाली होती, "लेकरू अंगावर पितंय आन् तू कामाला निगालीस? मी हाय की कमवायला." विषय तिथंच संपला होता. निदान वच्छलापुरता.

आता भाकरी थापता थापता पिंकी म्हणाली, "आत्या, त्या नव्या कंपनीत पस्तिशीच्या आतल्या बायका घेत्यात म्हनं."

"तुला कुणी सांगितलं?"

"बसव्वामावशी परवा मामांना सांगत हुत्या. मी ऐकलं." पिंकीनं भाकरी तव्यावर टाकली. वर बघितलं नाही. "मी जाऊ का?"

नको म्हणायला वच्छलाकडं काही कारण नव्हतं. अभिमन्यूच्या कंपनीत कधी काम असायचं, कधी नसायचं. रामहरीच्या एकट्याच्या पगारावर दोन खोल्या चालत नव्हत्या, हे पिंकीलाही माहीत होतं. आणि शिवू आता अंगावर पीत नव्हता.

"मशीन येतंय का तुला?" तिनं शेवटी विचारलं.

"तुमी शिकवा की."

घरात जुनं पायाचं मशीन होतं. दुपारी शिवू झोपला की दोघी त्यावर बसायच्या. वच्छला शिकवताना कडक होती. शिलाई सरळ आली नाही की ती टर्रकन उसवायची आणि कापड पुढं टाकायची. "पुन्ना." पिंकी उलट बोलायची नाही. एकदा बोटात सुई घुसली, तरी चिंधी गुंडाळून पुन्हा बसली. आपण जे इतक्या वर्षांत मिळवलं ते ही पोरगी पंधरवड्यात उचलतेय, हे बघून वच्छलाला बरंही वाटायचं आणि सलायचंही. खोटं कशाला सांगा, एकदोनदा तिनं चांगली आलेली शिलाईसुद्धा उसवली.

सोनालीनं पिंकीला पहिल्याच दिवशी घेतलं.

मग घराचं सगळं उलटंपालटं झालं. सकाळी पिंकीचा डबा वच्छला भरू लागली. भाकरी, शेंगाचटणी, एखादी भाजी. पिंकी ओळखपत्र गळ्यात घालून निघायची तेव्हा शिवू रडायचा आणि वच्छला त्याला कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. बाकीच्या कामावर निघालेल्या बायका समोरून जायच्या. त्या विचारायच्या, "आता घरीच का वो?" ती म्हणायची, "व्हय, नातवाला बगती." बायका म्हणायच्या, बरं झालं, आता आराम करा.

एका संध्याकाळी पिंकी दमून आली आणि भिंतीला टेकून बसली. रामहरी कामावर जायच्या तयारीत होता. तो म्हणाला, "पोरगी दमून आलीया, तिला आदी वाढ."

वच्छलानं वाढलं. पण ताट ठेवताना तिच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण दमून आलो, येऊन चूल पेटवली, हे वाक्य या माणसाच्या तोंडून एकदाही आलं नाही. तिनं ते बोलून दाखवलं नाही. पिंकीनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आत्या, तुमी पन बसा की." पोरगी वाईट नव्हती. तिच्यावर रागावता येत नव्हतं, हीच पंचाईत होती.

मे महिना लागला. एके दिवशी बसव्वा घाईघाईनं आली. तिच्या साडीला रंगीबेरंगी धाग्यांचे तुकडे चिकटले होते.

"तू येत का न्हाईस गं?" ती दारातूनच म्हणाली.

"कुटं?"

"कंपनीत की. तुझ्या सुनंच्याच. ऑर्डर लई मोटी हाय. मल्हार ठेकेदार बायका घेतोय, शिवलेल्या शर्टाचे धागे कापायला. वयाचं काय बी विचारत न्हाईत. मी चार दिस झालं जातीया." मग तिला वच्छलाचा चेहरा दिसला. "पिंकीला म्या सांगितलं हुतं की, तुला निरोप दे म्हनून. न्हाय दिला?"

वच्छला म्हणाली, "विसरली असंल."

पिंकी विसरली नव्हती. घरी आली, पाय धुतले, शिवूला मांडीवर घेतलं, आणि वच्छलाकडं एकदा बघताच तिला कळलं.

"बसव्वा आल्ती," वच्छला म्हणाली.

पिंकीनं शिवूच्या हातात चमचा दिला.

"चार दिस झालं. मी हितं रोज इचारतीया, कंपनीत काय नवीन. तू म्हंतीस, काय न्हाय."

"धागे कापायचं काम हाय आत्या. खाली फरशीवर बसून. तुमाला ते कसं सांगू?"

"माझ्यासाटी न्हाय सांगितलंस?"

पिंकीनं खाली मान घातली. मग म्हणाली, "न्हाय. तुमी गेला असता तर शिवूला कोन बगनार? मला घरी बसावं लागलं असतं. म्हनून न्हाय सांगितलं." तिनं मान वर केली. "मला घरी बसायचं न्हाय आत्या. तवा तुमी बसवलं, मी बसले. आता न्हाय बसवत."

वच्छलाला वाटलं होतं, सून सबबी सांगेल, मग आपण बोलू. खरं उत्तर आल्यावर बोलायचं काय? तिनं शिवूच्या हातातला चमचा काढून घेतला आणि उगीच धुऊन ठेवला. दोन वर्षांपूर्वी तिनं केलं होतं तेच पिंकीनं केलं होतं. फरक एवढाच की तिनं ते सासूपणाच्या जोरावर उघड केलं, आणि सुनेला ते लपून करावं लागलं.

"मी उद्या जानार," ती म्हणाली. "तू बी जायचं. शिवूला हे बगतील."

रामहरी रात्री जागून येणारा माणूस. पण तो नाही म्हणाला नाही. "बगतो की," म्हणाला. "झोप काय, बसल्या बसल्या बी लागती."

मल्हार ठेकेदार उंच, सावळा, घाईचा माणूस होता. त्यानं नाव विचारलं, कात्री दिली आणि बोट दाखवलं. शेडच्या टोकाला, इस्त्रीच्या टेबलांमागं पंधरा-वीस बायका फरशीवर बसल्या होत्या. सगळ्या तिच्याच वयाच्या, काही तर तिच्याहून मोठ्या. त्यांच्यात शेठच्या शेडमधल्या दोघीतिघी निघाल्या. एरवी भेटल्या असत्या तर मिठ्या मारल्या असत्या, पण तिथं नुसत्याच हसल्या आणि सरकून जागा दिली. समोर शर्टांचा डोंगर. एकेक शर्ट उचलायचा, शिवणीतून लोंबणारे धागे कापायचे, दुसऱ्या ढिगात टाकायचा. नवी मशीनं धागा आपोआप तोडायची, तरी शेपट्या उरायच्याच.

तिथून मशीनच्या लाइनी दिसायच्या. तिसऱ्या लाइनीत पिंकी ताठ बसून खिसे लावत होती. तिच्या डोक्यावर पांढरा दिवा होता. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पिंकी मैत्रिणींना सोडून तिच्याजवळ येऊन बसली आणि तिनं सगळ्यांना सांगितलं, "ह्या आमच्या आत्या. मला मशीन ह्यांनीच शिकवलं." पोरींनी बघितलं. एकजण म्हणाली, "मग त्या खाली का बसतात?" उत्तर वच्छलानंच दिलं. "गुडघं चांगलं हायेत म्हनून," ती म्हणाली, आणि पोरी हसल्या.

काम वाढत गेलं. सुपरवायझर ओरडायचा. एके दुपारी माल अडकला, गाडी फाटकात उभी, आणि पिंकीला मागं पाठवलं तयार शर्ट न्यायला. ती ढिगापाशी उभी राहिली, कपाळावर घाम, आणि म्हणाली, "आत्या, हात उचला जरा."

साधं कामाचं बोलणं होतं. वच्छलानं स्वतः नवख्या पोरींना हजारदा असंच म्हटलं होतं. पण तिचे कान तापले. तिनं हात उचलला. त्या घाईत एका शर्टाला कात्री लागली, कॉलरच्या कडेलाच, नखाएवढी. तिनं तो शर्ट बाजूला ठेवला आणि मल्हारला स्वतःहून दाखवला. मल्हार म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मावशी, हुतंय. आता वयच हाय." तो रागावला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

ऑर्डर संपत आली असताना ते झालं. दुपारची वेळ होती. रामहरी दाराच्या चौकटीला पाठ लावून बसला होता, आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली. शिवू त्याचे पाय ओलांडून बाहेर पडला. गल्ली ओलांडली, चौक ओलांडला, आणि मोठ्या रस्त्याच्या कडेला एका पंक्चरच्या दुकानासमोर उभा राहून रडत होता. दुकानवाल्यानं त्याला आत घेतलं, पाणी पाजलं. पेठेतल्याच एका बाईनं ओळखलं म्हणून तो घरी आला. दोघी संध्याकाळी घरी आल्या तेव्हा रामहरी दारात बसला होता, शिवूचा हात धरून, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझा डोळा लागला," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पिंकीनं शिवूला घट्ट धरलं. रात्री ताटं तशीच राहिली. झोपायच्या आधी पिंकी म्हणाली, "मी उद्या सांगून येते. काम सोडलं म्हनून."

"तू कशाला सोडतीस? माझं चार दिसात संपनारच हाय," वच्छला म्हणाली.

"मग पुन्ना दुसरीकडं निगालं तर? तुमी पुन्ना जानार. मला ठावं हाय." पिंकी हे भांडून म्हणत नव्हती. "मला तुमचं कळतंय आत्या. घरी बसून कसं वाटतं ते मला ठावं हाय की."

वच्छलाला त्या रात्री सुनेच्या अंगावर पांघरूण घालावंसं वाटलं. उकाड्यात पांघरूण कसलं. तिनं पंखा तिच्याकडं वळवला.

दुसऱ्या दिवशी पिंकी सोनालीच्या ऑफिसात गेली आणि जाताना वच्छलाला बरोबर घेऊन गेली. सोनालीनं सगळं ऐकून घेतलं. पिंकीचा हात चांगला बसला होता, तिला सोडायचं नव्हतं. पेन टेबलावर आपटत ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "पाळणाघराची खोली आहे आपल्याकडे. नकाशात आहे म्हणजे. सध्या पुठ्ठ्यांचे बॉक्स ठेवलेत तिथं. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आहे, वरून सारखे मेल येतायत की ते सुरू करा, बाई नेमा." तिनं वच्छलाकडं बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. "मावशी, तुम्ही येता का? पर्मनंटवर घेते. तुमचा नातूही तिथंच राहील. पिंकीची पण काळजी मिटली."

पिंकीनं वच्छलाचा हात धरला.

"वयाची अट न्हाय का त्याला?" वच्छलानं विचारलं.

"उलट थोडं वय असलेलंच बरं असतं ना मावशी. मुलींना भरवसा वाटतो."

वच्छलानं मागं वळून बघितलं. काचेतून लाइनी दिसत होत्या. ती म्हणाली, "मशीनवर बसवा की मला. पाळनाघराला दुसरी बाई मिळंल. मी कॉलर लावत हुते. हळू लावते आता, पन चुकत न्हाय. एक दिस बसवून तरी बगा."

सोनालीचा चेहरा पडला. "माझ्या हातात असतं तर बसवलं असतं. सिस्टीममध्ये जन्मतारीख टाकली की पुढं जातच नाही. ऑपरेटरला पस्तीसच्या वर घेतच नाही." ती खरं बोलत असावी. निदान त्या वेळी तिच्या डोळ्यांत तसं दिसलं.

पिंकी हळूच म्हणाली, "आत्या, तुमाला नको असंल तर न्हाई म्हना. मी सोडते. खरंच सोडते."

हे पिंकी म्हणाली नसती, तर वच्छला कदाचित नाही म्हणून परत आली असती.

"येते," ती म्हणाली.

बॉक्स काढले, भिंती गुलाबी रंगवल्या, जमिनीवर सतरंजी घातली. पहिल्यांदा शिवू आणि आणखी दोन पोरं होती, मग बायकांना कळलं तशी नऊ-दहा झाली. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबानं खोली बघितली, वच्छलाला बघितलं आणि छान छान म्हणाला. घरी रामहरी दिवसा निवांत झोपू लागला. "देवाकडं एक डोळा मागितला तर त्यानं दोन दिलं," तो ज्याला त्याला सांगायचा. अभिमन्यू फोनवर खूश झाला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलं बाई तुम्ही, सासू-सून एकाच ठिकाणी, लेकरू डोळ्यांसमोर, आणखी काय पाहिजे माणसाला.

यातलं काहीच खोटं नव्हतं. तिला काय पाहिजे होतं ते मात्र तिला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. फरशीवरच्या बायकांचं काम ऑर्डरीबरोबर संपलं होतं. बसव्वा आता एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जात होती. तिला भेटल्यावर तर वच्छला आपल्या कामाबद्दल अवाक्षर काढायची नाही. बसव्वानं विचारलं तरी "बरं हाय" म्हणायची आणि विषय बदलायची.

खोलीच्या भिंतीपलीकडं तिसरी लाइन होती. दुपारी पोरं झोपली की मशीनचा आवाज भिंतीतून यायचा. कुठलं मशीन अडखळतंय, कुणाचा हात बसलेला आहे, हे तिला बसल्या जागी कळायचं. पिंकी जेवणाच्या सुट्टीत आली की दोघी शिवूला मधे घेऊन डबा खायच्या. पिंकी लाइनीतल्या गोष्टी सांगायची, आणि वच्छला मन लावून ऐकायची. दोघींत पहिल्यासारखं सासू-सून राहिलं नव्हतं. त्या जागी काय आलं होतं त्याला नाव नव्हतं, पण ते वाईट नव्हतं.

दिवाळीच्या आधी कंपनीनं चौथी लाइन सुरू केली. नवी मशीनं आली, फाटकावर पुन्हा बोर्ड लागला. सोनाली पाळणाघरावरून चालली होती. वच्छला बाहेर येऊन तिला आडवी गेली.

"पोरी, एक इचारायचं हुतं. चौथ्या लाइनीत कॉलरला कोन हाय?"

"अजून ठरलं नाही मावशी. का?"

"काय न्हाय. जागा ऱ्हायली तर माझं नाव सांगशील का वर? एकदा सांगून तर बग."

सोनालीनं वच्छलाच्या दंडावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही गेलात तर इथं कसं चालेल? सगळ्या मुली म्हणतात, तुमच्यासारखी मायेची बाई मिळायची नाही."

ती हे मनापासून बोलत होती. "व्हय," वच्छला म्हणाली. सोनालीचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत नव्या लाइनीकडं गेली.

वच्छला अजून दारातच होती. आत एक लेकरू जागं होऊन रडायला लागलं. त्याच्या आवाजानं बाकीची उठायच्या आत ती आत गेली आणि तिनं त्याला खांद्यावर घेतलं.